आईचं माहेरचं नाव विचारणाऱ्या क्लार्ककाकांस

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

आबांचं वर्षश्राद्ध परवा झालं. पानं वाढताना आई दोनदा म्हणाली, "क्लार्कसायबांस्नी बोलवाय पायजे हुतं." बोलावलं होतं हो, मीच फोन केला होता. पण तुम्ही त्या दिवशी आणखी कुणाच्या तरी कागदांची पिशवी घेऊन बेळगावला निघाला होता. एसटीत बसल्याबसल्या "वहिनींना नमस्कार सांग" म्हणालात आणि रेंज गेली.

तुमचं नाव कुठं लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून लिहीत नाही. गावाचंही नाही. दहिवडीच्या पलीकडचं एक गाव, एवढंच. आईच्या पेन्शनसाठी धावलात त्याचे आभार मात्र चारचौघांतच मानणार. तुम्ही पैसे घेतले नाहीत, टॉवेल-टोपी घेतली नाही, कोऱ्या चहाचा दुसरा कपसुद्धा नको म्हणालात. मग हे तरी घ्या.

तुम्ही आबांना कधी पाहिलं नाहीत. तुमची तोफखान्यातली क्लार्कची नोकरी, त्यांची मराठा लाइट इन्फंट्रीतली. तुम्हाला भेटले ते कागदावरचे आबा, नंबर, रँक, उंची आणि छातीसकट. म्हणून आधी आमचे आबा सांगते.

आमच्या कोरेगाव तालुक्यात काय आणि तुमच्या माणमध्ये काय, फौजेतून परत आलेला प्रत्येक जण 'मेजर'च. आबा हवालदार म्हणून पेन्शनवर आले, पण गावानं त्यांना त्याच दिवशी बढती दिली. आपशिंग्यानं नावापुढंच 'मिलिटरी' लावून घेतलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. आमच्या गावाचं तेवढं नाव नाही. तरी १९६३ साली, चीनच्या लढाईनंतर भरती जोरात निघाली, तेव्हा आमच्या आळीतून तिघं गेले. आबा त्यातले एक. अठरा वर्षांचे. १९८० ला परत आले आणि साताऱ्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, ते पुढं सोळा वर्षं.

आम्ही तीन भावंडं. दोघी बहिणींच्या वेण्या आबा घालायचे. आई पहाटे धारा काढायला जायची, शाळा सातची. आबांची वेणी म्हणजे कानशिलं ताणली जायची. लाल रिबिनीची दोन्ही फुलं एका उंचीवर आली पाहिजेत म्हणून ते चार पावलं मागं जाऊन बघायचे, पुन्हा सोडायचे, पुन्हा बांधायचे. रविवारी नखं कापायला रांगेत 'फॉलिन' व्हायचं. आणि रात्री गिनती. माळवदावर झोपलेल्या पोरांच्या डोक्याला हात लावत एक, दोन, तीन. मग जिन्यातून खाली तोंड करून "चार?" खालून भांड्यांच्या आवाजात आई म्हणायची, "हाय." मग स्वतःच्या छातीला हात लावून "पाच" आणि कंदील बारीक.

पुढं आम्ही पांगलो. मी पुण्यात, बहीण ठाण्यात, भाऊ चाकणला. तर रोज रात्री नऊला फोनवर गिनती. "जेवलीस? बरं. एक." फोन ठेवला. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी माहेरी होते तर बाळाची दुपटी आबा विहिरीवर नेऊन धुवायचे. आळीतले हसायचे. "मेजर, हे काय?" आबा म्हणायचे, "खंदकात धोबी येत नसतो." लढाईबद्दल त्यांच्या तोंडून आम्हाला एवढंच.

नाही, आणखी एक होतं. त्यावर पुढं येते, कारण तेही तुमच्यामुळंच खरं निघालं.

दर नोव्हेंबरला ते इस्त्रीचा सदरा घालून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचे. आल्यावर उंबऱ्यातून ओरडायचे, "अजून एक वर्ष मंजूर!" २०२४ च्या आषाढात, एकोणऐंशीव्या वर्षी, तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेले. पंचक्रोशीतले पेन्शनर बॅरे टोप्या घालून आले. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" झालं. आई भिंतीला धरून उभी होती.

मग कागद सुरू झाले.

आबांच्या पश्चात आईला फॅमिली पेन्शन मिळायची होती. मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक घेऊन मी आणि भाऊ एका कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या पोराची चूक तशी नव्हती, त्यानं फक्त स्क्रीन वाचली. पण वाचली तीही सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी. "रेकॉर्डला यांच्या पत्नीचं नाव वेगळंच आहे. ह्या बाई त्या नव्हेत." आई बाकावर बसली होती. तिला ऐकू गेलं की नाही मला आजही कळलेलं नाही.

स्क्रीनवर जे नाव होतं त्याचं स्पेलिंग असं काही होतं की ते वाचून बाईचं, गावाचं की देवाचं हेही कळेना. घरी येऊन आबांची काळी ट्रंक उघडली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर होता आणि किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. आत डिस्चार्ज बुक, नोकरी संपल्यावर फौज देते ते. मी एम.कॉम. आहे, इंग्रजी पत्रव्यवहारावर माझं पोट चालतं, पण ते पुस्तक मला वाचता येईना. अर्धे शब्द म्हणजे नुसती अक्षरं आणि टिंबं, वरून कुणाची तरी घाईतली शाई. तेवढं एक नाव मात्र तिथंही होतं, तेच विचित्र स्पेलिंग, आणि पुढं 'वाइफ'.

काका, ही गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली नाही, आज सांगते. त्या रात्री आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. भाऊ अंगणात बिड्या ओढत बसला, जो कधी ओढत नाही. शेवटी मला म्हणाला, "ताई, बाहेर कुणी होती काय गं?" मी त्याला गप्प केलं. पण तोच विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. सतरा वर्षं बाहेर राहिलेला माणूस. ट्रंकेची किल्ली कधी कुणाला न दिलेला माणूस. रोज रात्री आम्हाला मोजणाऱ्या बापावर मी एक रात्रभर संशय घेतला.

तालुक्याच्या माजी सैनिकांच्या बैठकीत कुणीतरी तुमचा नंबर दिला. चौथ्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात. ऐंशीच्या घरातला माणूस, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिच्यात स्टेपलर, शाईचं पॅड, डिंकाची बाटली, कोरे फुलस्केप आणि एका कोपऱ्यात शेंगदाण्यांची पुडी. आम्ही सगळं एकदम सांगायला लागलो. तुम्ही हात वर केलात, स्वयंपाकघराच्या दाराकडं वळलात आणि विचारलंत,

"वहिनी, तुमचं माहेरचं नाव काय?"

एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच का सुचला नाही? मामा तिला आक्का म्हणतात. आजी, म्हणजे तिची आई, आम्ही जन्मायच्या आधीच गेली. आणि आबांची आई असेपर्यंत माहेरच्या नावाचा उच्चारही घरात चालत नव्हता. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं की जुनं संपलं. आम्हाला आई ठाऊक होती ती सासरच्या नावानं, एका फुलाच्या. रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधारवर तेच.

आईनं पदर सारखा केला आणि एका नदीचं नाव घेतलं.

तुम्ही डिस्चार्ज बुकातल्या त्या विचित्र स्पेलिंगवर बोट ठेवलंत आणि ते हळूहळू, एकेक अक्षर सोडवत, मोठ्यानं वाचलंत. तेच नाव. ज्यानं लिहिलं त्याला मराठी येत नसणार, त्याच्या कानाला जसं लागलं तसं त्यानं उतरवलं होतं. "पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतली नोंद, १९६९ ची," तुम्ही म्हणालात. "लग्न करून सुट्टीवरून परत गेल्या-गेल्या नोंदवलंय. क्लार्कनं विचारलं असणार, बीबी का नाम? त्यांनी हे सांगितलं."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यास्नी ठावं हुतं?"

हा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटला असेल, किंवा नसेलही, तुमच्याही घरी तेच असणार. आबांनी आईला जन्मात नावानं हाक मारली नाही. "अगं", "ऐकलं का", नाहीतर माझ्या नावानं. पलटणीतून यायची ती निळी आंतरदेशीय पत्रं, मार्फत ९९ एपीओ, ती आजोबांच्या नावानं यायची आणि शाळेतले गुरुजी ओसरीवर सगळ्यांदेखत वाचायचे. 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि.' इथून सुरू होऊन 'घरी सर्वांस नमस्कार' इथं संपायची. त्या 'सर्वांस'मध्ये आईनं आपला वाटा काढून घ्यायचा. बायकोचं नाव लिहायला त्यांना उभ्या आयुष्यात एकच जागा मिळाली, ती फौजेच्या रजिस्टरात. तिथं त्यांनी तांदळातलं नाव सांगितलं नाही.

"म्हंजी सरकारात मी माझ्याच नावानं हुते," आई म्हणाली. तुम्ही म्हणालात, "होय वहिनी, पंचावन्न वर्षं." मग ती उठून चहा ठेवायला गेली आणि साखर घालायची विसरली, आणि तुम्ही तो चहा बिनतक्रार प्यायलात.

पेन्शनसाठी तेवढं पुरे होतं. तुम्ही उठून अर्ज लिहायला लागला असतात तरी आम्ही जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही आईला म्हणालात, "बसा. आता सगळंच वाचू." आणि पहिल्या पानापासून ते पुस्तक तिला वाचून दाखवलंत, पोथी वाचावी तसं, एका ओळीचा अर्थ सांगून झाल्यावर दुसरी. उंची पाच फूट पाच इंच. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण. ("बैलानं मारल्याला," आई.) रक्षा मेडल, १९६५ चं. संग्राम मेडल आणि पूर्वी स्टार, १९७१ ची. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. नऊ वर्षं नोकरीचं. भाऊ जरा फुगून म्हणाला, "म्हणजे पाच मेडलं!" त्यावर तुम्ही जे बोललात त्यासाठी मी तुम्हाला सगळ्यात जास्त मानते. "बाळा, खोटं कशाला सांगू? ही त्या काळात नोकरीत असलेल्या बहुतेकांना मिळाली. यात शौर्याचं एकही नाही. पण पूर्वी स्टार आहे म्हणजे माणूस तिकडं होता."

तिकडं म्हणजे कुठं? तुम्ही पलटण पाहिलीत. पहिली मराठा, जंगी पलटण. "मग जमालपूर, आत्ताच्या बांगलादेशातलं," म्हणालात, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण आबांची ती एकच गोष्ट होती. नातवंडांनी हट्ट धरला की सांगायचे. एक म्हातारा होता. साहेबानं त्याच्या हातात चिठ्ठी दिली आणि शत्रूकडं पाठवलं. शत्रूनं चिठ्ठीचं उत्तर लिहिलं आणि कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. "आणि मग, आजोबा?" "मग काय. तो म्हातारा बिचारा सारखा आपला चालतच होता." पोरांना वाटायचं आजोबांनी रचलीय. मलाही तसंच वाटायचं.

तुम्ही जमिनीवर खडूनं नकाशा काढलात. ही ब्रह्मपुत्रा, हे जमालपूर, आत ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण. मराठा पलटण नदी ओलांडून गावाच्या मागं जाऊन ढाक्याकडचा रस्ता अडवून बसलेली, कमांडर कर्नल ब्रार. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं ते खरंच एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती, आणि बलुचांच्या कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरात खरंच गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री आतले लोक फोडून बाहेर पडायला निघाले ते थेट मराठ्यांच्या अंगावर. रात्रभर चाललं. सकाळी जमालपूर पडलं. मग टांगाइलकडं कूच, तिथं पॅराशूटनं उतरलेल्या दुसऱ्या पॅरा पलटणीची गाठ. "आणि गंमत बघा," तुम्ही म्हणालात, "ती दुसरी पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठाच. भाऊच भेटले."

भावानं विचारलं, त्या रात्री आबांनी काय केलं असेल? आबा कधी नावेत बसायचे नाहीत, महाबळेश्वरला वेण्णा तलावावर सगळं घर नावेत आणि हे काठावर चपला राखत उभे, ते त्या नदीमुळं असेल का? तुम्ही चष्मा काढून पुसलात. "ते मला कसं सांगता येईल? त्याला या पुस्तकात रकाना नसतो."

शेवटचं पान शीलाचं, कॅरेक्टरचं. तिथं 'व्हेरी गुड' लिहिलेलं. तुम्ही जरा थबकलात. "सतरा वर्षांची नोकरी, हवालदार, तर खरं एक्झेम्प्लरी यायला हवं. एखादी लाल शाई, म्हणजे शिक्षेची नोंद, लागली असेल. रजेवरून कधी उशिरा गेले होते का?"

मी नाही म्हणणार होते. आबा आणि उशीर! पण आईनं लगेच सांगितलं. "भात्तरच्या दुष्काळात."

१९७२. विहीर आटलेली, एक बैल गेलेला, मी वर्षाची, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. जमालपूर होऊन वर्षही उलटलं नव्हतं. आबा रजेवर आले, पहिल्या दिवशी सकाळी तिच्या हातातली पाटी घेतली आणि स्वतः हातोडी घेऊन बसले. बायकांच्या रांगेत एकटा गडी. मुकादम म्हणाला, मेजर, तुमचं नाव हजेरीत नाही, मजुरी मिळायची नाही. आबा म्हणाले, हिच्या नावावर घाला. रजा संपली तरी गेले नाहीत, आणखी सहा दिवस राहिले, तिच्या खडीचं माप पुरं होईस्तोवर. आईनं हे सांगताना हातानं ढिगाची उंची दाखवली, गुडघ्याच्या वर. दुपारी सुकडी मिळायची ती तिघांनी खाल्ली, म्हणजे मीही खाल्ली असणार.

"मग ते मोठं मिळालं न्हाय, ते माझ्यापायी?" तिनं विचारलं.

तुम्ही म्हणालात, "असंल वहिनी." सांत्वन म्हणून तुम्ही 'नाही' म्हणाला नाहीत. आईला ते आवडलं, हे तुम्हाला सांगते. त्या रात्री झोपताना ती हसत होती.

पुढचं सगळं धावपळीचं, तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्ही नावं एकाच बाईची हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि तुम्ही हट्टानं मागितलेली लग्नपत्रिका. १९६९ ची पत्रिका कोण ठेवतं, म्हणून आम्ही वाद घातला. मामाच्या घरी खंडोबाच्या तसबिरीमागं पुठ्ठा म्हणून बसवलेली निघाली. गुलाबी, कोपऱ्यांना अजून हळद, आणि मधोमध 'चि. सौ. कां.' म्हणून ते नदीचं नाव. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला तुम्ही स्वतः दोनदा गेलात, भाड्याचे पैसे दिले तर पिशवीतून शेंगदाणे काढून मुलांच्या हातावर ठेवलेत आणि विषय बदललात. 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर नाव दुरुस्त झालं आणि पाचव्या महिन्यात थकबाकीसकट पेन्शन जमा झाली. आबांना मिळायची त्यापेक्षा कमी, पण आईच्या स्वतःच्या खात्यावर. पहिले पैसे काढून तिनं काय घेतलं सांगू? ट्रंकेला नवं कुलूप. किल्ली आता तिच्या कमरेला असते.

अजून एक मागायचं राहिलंय. तुम्ही खडूनं काढलेला तो नकाशा आई सारवताना बरेच दिवस पुसू देत नव्हती. दिवाळीला शेवटी गेला. पुढच्या वेळी याल तेव्हा कागदावर काढून द्या, नातवंडांना हवाय.

या पत्रासोबत दोन किलो वाघ्या घेवडा पाठवतेय, आपल्याच रानातला, दहिवडी स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत तुमच्या नावानं ठेवायला सांगितलाय. परत पाठवू नका, आईनं निवडलाय.

आणि पुढं नोव्हेंबर येतोय. आईचा पहिला हयातीचा दाखला. आबांचा इस्त्रीचा सदरा तिनं काढून ठेवलाय, कशाला ते विचारलं तर सांगत नाही. बँकेत नाव विचारलं तर कुठलं सांगायचं, तेवढं क्लार्कसाहेबांना विचारून घे म्हणाली.

तुमची,
मेजरांची थोरली